परांची उतरवताना

शुक्रवारी, मंगफच्या दोन खोल्यांत,
आमचा रविवार भरतो.
चपला जिन्यापर्यंत. एसीचं पाणी बादलीत टपटप.
बार्नबा पारधे, राहुरीकडचे, इथे स्टोअरकीपर,
व्हॉल्व्हच्या खोक्याचा पुठ्ठा फाडतात,
त्यावर मार्करनं लिहितात
क ख ग ख क
आणि विचारतात, काय दिसतं?

बालवाडी, म्हणालं कुणी. हसले सगळे.
ते म्हणाले, जलप्रलय आहे हा.
सात दिवस वाट, चाळीस दिवस पाऊस, दीडशे दिवस पाणी,
मग पुन्हा दीडशे, मग चाळीस, मग सात.
चढलं तसंच उतरलं.
जुन्या लोकांकडे ठळक टाइप नव्हता,
शब्दाखाली रेघ मारायची सोय नव्हती,
सगळा कारभार कानावर.
म्हणून मोलाचं ते मधोमध ठेवायचे,
डबीत डबी, तिच्यात डबी.
मग इथला ग कोणता?
एवढाच, की पाण्यावरच्या त्या माणसाची
देवाला आठवण झाली.

मी काही बोललो नाही.
मनात म्हटलं, हे तर आमचं काम.

परांची अशीच.
आधी बेसप्लेट, मग उभे पाईप, मग आडवे,
क्लॅम्प, फळ्या, कठडा. तोवर लाल टॅग.
कठडा लागला की हिरवा.
मग वेल्डर चढतो, एक शिवण मारतो,
तासाभराचं काम.
त्या तासासाठी आमचे नऊ दिवस.
मग परत लाल,
कठडा, फळ्या, क्लॅम्प,
आडवे, उभे, बेसप्लेट.
पहिलं ठेवलेलं शेवटी उचलायचं.
क्रम चुकला तर माणूस जातो.
मिसरी फोरमन रोज हेच सांगतो
मोडक्या हिंदीत, शिव्यांसकट.
त्याला कुणी पुठ्ठा दिला नाही.

आई फोनवर प्रार्थना करते.
तिची यादी ठरलेली:
सामसन, रिबका, शमू,
मग अण्णा,
मग शमू, रिबका, सामसन. आमेन.
जशी कंदील घेऊन आतल्या खोलीत गेली,
अण्णांचं पांघरूण सारखं केलं
आणि आल्या वाटेनं
एकेक दार ओढून घेत बाहेर आली.
लहानपणी वाटायचं, म्हातारी विसरते,
एकदा घेतलेली नावं पुन्हा घेते.

फेब्रुवारीत अण्णा गेले.
शटडाऊन चालू होता, रजा बंद.
मातीला मी नव्हतो.
मी बेचाळीस मीटरवर होतो, तोंडाला फडकं,
समोर धुळीत विरघळलेला समुद्र,
आणि खिशात फोन थरथरत होता,
दोन्ही हात पाइपाला.

त्या शुक्रवारी आईनं सुरू केलं.
सामसन, रिबका, शमू.
आणि थांबली.
तिकडे पंखा, इकडे बादली.
मला वाटलं, ही आता खाली येत नाही,
फळी काढून घेतलेल्या जागी उभी आहे.
कितीतरी श्वास.
मग म्हणाली, शमू.
मग रिबका.
मग सामसन.
आमेन म्हणायची विसरली, की मीच फोन ठेवला,
आता आठवत नाही.

पारधेकाकांना सांगितलं. त्यांनी विचारलं,
मग मध्ये काय होतं?
म्हटलं, काही नाही.
त्यांनी पुठ्ठा आणला, मार्कर उघडला,
ग कडे बराच वेळ बघितलं,
टोपण लावलं. चहा केला.
एवढंच म्हणाले, दुसरा ख पहिल्यासारखा दिसतो,
असतो का पण?

नसतो.
चढवताना पाईप गार होता, पहाटेचा.
उतरवताना तोच पाईप हातमोज्यातून चटका देतो,
क्लॅम्पच्या आट्यांत वाळू बसलेली,
फिरता फिरत नाही.

आज कॉलमची परांची काढायची.
सगळ्यात वर मी. हिरवा टॅग काढून खिशात घातला.
कठड्याला पाना लावला
आणि लावून तसाच उभा राहिलो.
वारा होता. नाव घ्यायचं होतं एक,
घेतलं की नाही, वाऱ्यालाच माहीत.

खालून फोरमन ओरडला, सामू!
त्याला शमू म्हणता येत नाही.
पुन्हा ओरडला.
मी पहिला नट सैल केला.